सद्भावना आणि उत्तरदायित्व : प्लेगच्या लशीचा प्रश्न

गुण पुरता सिद्ध न झालेला उपाय दुसऱ्याच्या देहावर केला आणि त्यातून अनिष्ट घडले, तर दोष करणाऱ्याच्या हेतूवरून ठरवावा की फळावरून, हा प्रश्न धर्मचिंतनाइतकाच राज्यकारभाराचाही आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरल्यावर ब्रिटिश सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा केला, आणि त्याच्या चौथ्या कलमाने या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा लावता येणार नाही असे ठरवून टाकले. परभणीसारखा मराठी मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने हा कायदा तेथे आपोआप लागू नव्हता, परंतु साथ राजसत्तांच्या सीमा पाहून थांबत नसे आणि पुढे ती संस्थानातही पोहोचली. साथ आली की मराठी गावे मरीआईचा गाडा शिवेपार नेत. तो उपायही असिद्धच होता, पण गाव तो स्वतःसाठी करी आणि त्याचे बरेवाईट स्वतः भोगी. सरकारी उपायात करणारा वेगळा आणि भोगणारा वेगळा होता.

वाल्देमार हाफकिन या जीवाणुशास्त्रज्ञाने मात्र हा भेद मिटवण्याचा प्रयत्न केला. प्लेगचे जंतू मांसरसात वाढवून व उष्णतेने मारून केलेली लस, म्हणजे रोगाशी झुंजण्याची तयारी शरीरात आधीच घडवणारे द्रव्य, त्याने १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील सुमारे दीडशे कैद्यांना ती देण्यात आली आणि त्यांच्यात रोगाचे प्रमाण इतर कैद्यांपेक्षा पुष्कळ कमी आढळले. हे कैदी स्वेच्छेने पुढे आले अशी नोंद आहे. तथापि ज्याला दाराबाहेर जाण्याची मुभा नाही त्याच्या होकाराला स्वतंत्र माणसाच्या होकाराचे मोल देता येत नाही.

पुढे पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर लसीकरण हाती घेतले, आणि मागणी पुरवण्यासाठी लस बनवण्याची जुनी रीत बदलण्यात आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे पुढे धनुर्वाताने दगावली. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुढे दाखवून देण्यात आले. पण प्रारंभी ठपका लस बनवणाऱ्या हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्याला पदावरून दूर व्हावे लागले. गीतेचा अठरावा अध्याय कर्माच्या सिद्धीला अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे मानतो. त्या दृष्टीने पाहिले तर घाईचे धोरण, चिमटा, तो हाताळणारा हात आणि प्रयोगशाळा यांपैकी एकालाच वेगळे काढून दोषी ठरवणे हा न्याय नव्हे. सद्भावनेचे कवच अधिकाऱ्यांना कायद्याने दिले, पण लस करणाऱ्याच्या सद्भावनेला तेवढी किंमत मिळाली नाही, ही विसंगती गंभीर आहे.

१९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र प्रसिद्ध करून हाफकिनची बाजू मांडली आणि त्याच्यावरील ठपका दूर झाला. त्या साऱ्या वादात मुख्य मुद्दा बाटली कोठे दूषित झाली हाच राहिला. टोचून घेणाऱ्या गावकऱ्यांना धोक्याची किती कल्पना दिली होती आणि नकार देण्याची मोकळीक कितपत होती, हे कोणीही त्याच तळमळीने विचारले नाही.