झाडाचा दोष आणि लावणाऱ्याचे दायित्व

मोहालीच्या आसपासच्या शेतशिवारांत बांधावर उभ्या असलेल्या सरळसोट झाडांच्या रांगा सहज नजरेत भरतात. त्यांतील पुष्कळशा निलगिरीच्या असतात; इकडे तिला ‘सफेदा’ म्हणतात. या रांगेलगतचा गहू विरळ आणि बुटका राहतो. वसाहतींतील परसांतही तिच्या सान्निध्यात पेरलेला मुळा वा पालक असाच खुरटतो. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनीही अभ्यासांती निलगिरीजवळ पिकाची हानी होते असेच नोंदवले आहे.

याची कारणे तीन. झाड पाणी ओढून घेते, ऊन अडवते आणि त्याच्या पानांतून जमिनीत उतरणारी द्रव्ये इतर बीजांच्या अंकुरणास बाधा आणतात. या तिसऱ्या व्यापाराला मोलिश या शास्त्रज्ञाने १९३७ साली ‘अ‍ॅलिलोपॅथी’ हे नाव दिले. अमेरिकेतील काळ्या अक्रोडाच्या मुळांतून उद्भवणारे जुग्लोन टोमॅटोचे रोप मारते, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

आता प्रश्न असा, की येथे अपराधी कोण? वृक्षाला परोपकारी म्हणण्याची आपली परंपरा आहे. पण फळ देणारा वृक्ष जर सज्जन, तर शेजारची मेथी जाळणारा वृक्ष दुर्जन म्हणावा लागेल. वस्तुतः दोन्ही विशेषणे आपण त्याच्यावर लादलेली आहेत. ज्याला निवड करता येत नाही, त्याला पुण्यही नाही आणि पापही नाही. निवड केली ती लावणाऱ्याने. सहा-आठ वर्षांत लाकडाचे पैसे त्याच्या हाती येतात. तूट मात्र बांधापलीकडच्याच्या धान्यात पडते. ‘माझ्या जमिनीत मी लावले’ हे त्याचे म्हणणे कागदोपत्री खरे असेल. पण मुळांना सातबारा वाचता येत नाही, की इकडची जमाबंदी.

यावर कोणी म्हणेल, मग सारे सफेदे तोडावेत काय? हा न्याय घाईचा होईल. या लाकडावर यमुनानगरचा प्लायवूडचा धंदा चालतो, आणि लहान शेतकऱ्याला अडीअडचणीच्या वेळी तेच झाड हात देते. त्याची गरज खोटी नाही. तथापि गरज खरी असली म्हणून तिचे मोल शेजाऱ्याने भरावे, असे सिद्ध होत नाही.

शिवाय निवडीला वाव आहे. पॉप्लर हिवाळ्यात पाने गाळतो. त्यामुळे गव्हाला ऊन मिळते. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी पंजाबात ‘जंड’ आणि राजस्थानात ‘खेजडी’ म्हणून ओळखली जाते. ती जमिनीत नत्राची भर घालते; तिच्याखाली बाजरी चांगली पिकते. १७३० साली खेजडली गावी ३६३ बिष्णोई स्त्रीपुरुषांनी तिच्यासाठी प्राण दिले. परंतु शमी सावकाश वाढते, झटपट पैसा देत नाही. म्हणजे शेजारधर्माची किंमत लावणाऱ्यालाच मोजावी लागते. आणि खरी नैतिक अडचण हीच आहे. ज्यात आपले काही जात नाही, असे सौजन्य कोणालाही परवडते.

भाजी लावणाऱ्यानेही आपला विवेक सोडू नये. उत्तरेकडील या प्रदेशात हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो; म्हणून वाफा झाडाच्या दक्षिणेस, होईल तितका दूर आणि उंच करावा. गळलेली पाने ताजी न पसरता पुरती कुजू द्यावीत. पण हे सारे नुकसान सोसणाऱ्याचे शहाणपण झाले. तेवढ्यावर प्रश्न मिटवणे म्हणजे पीडिताला उपाय शिकवून कर्त्याला मोकळे सोडणे होय. द्वेष नसतानाही हानी होऊ शकते, हे झाड दाखवून देते. मात्र हानी ठाऊक झाल्यावरही बांधाला लागून तेच झाड पुन्हा लावणाऱ्याला झाडाचे निरपराधित्व उसने घेता येणार नाही. निदान रोप लावण्यापूर्वी त्याने बांधापलीकडे जाऊन एकदा विचारावे.