जीपनी आणि नागसेनांचा रथ

फिलिपिन्सची राजधानी मनिला येथे दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या जीपगाड्या लांबवून, समोरासमोर बाके बसवून आणि धार्मिक चित्रांनी सजवून जी ‘जीपनी’ ही प्रवासी गाडी घडली, तिच्यात आज मूळ जीपचा एकही भाग सहसा उरलेला नसतो. मग तिला जीप म्हणावे का? असाच प्रश्न जुन्या विचारवंतांनाही पडला होता. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला दाखवून देतात की चाक, आस वा जू यांपैकी काहीच रथ नव्हे आणि त्यांच्यावेगळाही रथ नाही. रथ ही केवळ प्रज्ञप्ती, म्हणजे व्यवहारापुरती योजलेली संज्ञा होय. याउलट न्याय-वैशेषिक मतानुसार अवयवांहून भिन्न असा ‘अवयवी’, म्हणजे संपूर्ण वस्तू, खरोखर असतो. मात्र एक अवयव बदलताच जुना अवयवी नष्ट होऊन नवा उपजतो. मनिलात मात्र हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाही. २०१७ पासून फिलिपिन्स सरकारने जुन्या जीपनींच्या जागी युरो-४ इंजिनाच्या वा विजेवरच्या गाड्या आणण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा कर्जाचा बोजा आणि सहकारी संस्थेत सामील होण्याची सक्ती अमान्य असलेल्या चालकांनी संप केले. त्यांच्या तक्रारीपुढे नागसेनांचे उत्तर अपुरे पडते, कारण व्यवहारापुरती संज्ञा कोणाच्या व्यवहारावरून ठरवावी, हा प्रश्न त्यात येतच नाही.