शिकून घेतलेले वात्सल्य

देवळाच्या सभामंडपात कीर्तन रंगास आलेले असावे आणि चार वर्षांच्या एखाद्या मुलाने भुईवर लोळण घेऊन आकांत मांडावा, हे दृश्य आपल्यापैकी कोणास अपरिचित नाही. आई त्यास धपाटा तरी घालते, नाही तर हाती खाऊ देऊन बाहेर तरी नेते. दोन्ही उपायांनी मूल त्या वेळेपुरते गप्प बसते. पण असा आकांत नित्याचा झाला, मूल मारू-चावू लागले, की घरात प्रश्न उभा राहतो : सुधारायचे कोणी? ‘मुलाने’ हे आपले रूढ उत्तर. आधुनिक बालमानसोपचार ‘प्रथम आईबापांनी’ असे सांगतो. त्यातून उद्भवणाऱ्या एका नैतिक शंकेचा विचार आम्हांस येथे कर्तव्य आहे.

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन यांनी कुटुंबांतील व्यवहारांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले आणि १९८२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. मूल रडून हट्ट धरते, आई कंटाळून नमते, रडणे थांबते. येथे मूल शिकले की रडल्याने वस्तू मिळते. आणि आईही शिकली की नमल्याने शांतता मिळते. उलटपक्षी आई ओरडली आणि मूल दबले, तर ओरडण्यास यश येते हा धडा दोघांसही मिळाला. अशा रीतीने दोघे एकमेकांस अधिकाधिक कठोर होण्याचे शिक्षण देत राहतात; आणि दोघांपैकी दुष्ट कोणीच नसतो.

असे चक्र तोडू पाहणारी एक उपचारपद्धती त्याच राज्यात १९७० च्या दशकात शीला आयबर्ग यांनी सिद्ध केली. साधारणतः दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी ती आहे. आई किंवा बाप मुलाशी खेळत असतात. एका बाजूनेच आरपार दिसणाऱ्या काचेपलीकडे उपचारक बसलेले असतात आणि पालकाच्या कानातील लहानशा यंत्रातून सूचना देतात. पहिल्या टप्प्यात खेळ मुलाचा; पालकाने त्याच्या मागून जायचे. आज्ञा नाही, प्रश्न नाही, दोषदर्शन नाही. मूल बोलेल ते आपण पुनः म्हणायचे, करील त्याचे वर्णन करायचे, आणि चांगले केले तर नेमके काय चांगले ते सांगायचे. नुसते ‘शहाणा’ नव्हे. ‘ठोकळे हळूच ठेवलेस, छान केलेस’ असे. पाच मिनिटांत अशी १० स्तुतिवाक्ये, १० पुनरुक्ती व १० वर्णने साधली, आणि आज्ञा, प्रश्न व टीका मिळून तीनांच्या वर गेल्या नाहीत, म्हणजे पालक पुढील टप्प्यास पात्र ठरतो. घरीही रोज पाच मिनिटे हाच अभ्यास करायचा असतो.

येथेच एखादा सुज्ञ गृहस्थ शंका घेईल : वात्सल्य हे काय मोजून-मापून, कोणी कानात सांगितल्यावर करायचे? दहा वेळा केलेली स्तुती हे प्रेम की नाटक? शंका क्षुल्लक नाही. भावनेवाचून उच्चारलेला शब्द पोकळ असतो, आणि तो पोकळपणा मुलांनाही जाणवतो.

तथापि ज्या समाजास नित्यपूजा ठाऊक आहे, त्याने तरी विधी व भाव यांस परस्परांचे वैरी मानू नये. पुजारी पहाटे गाभारा उघडतो, तेव्हा त्याचे मन दररोज भक्तीने भरून आलेले असतेच असे नाही. कधी अंगात कणकण असते, कधी घरची विवंचना असते. तरीही स्नान, गंध, पुष्प, धूप, दीप, नैवेद्य हा क्रम चुकत नाही. त्यास आपण ढोंग म्हणत नाही. भाव ओसरला तरी सेवा खंडित होऊ नये म्हणूनच विधी आहे, आणि पुष्कळदा हात कामास लागल्यावर भाव मागून येतो. थकलेल्या आईचेही तसेच आहे. तिच्या ठायी प्रेम नसते असे नव्हे. ते दिवसभराच्या त्राग्याखाली दडलेले असते. पाच मिनिटांचा नेम त्यास वाट करून देतो. ढोंग होईल ते स्तुती खोटी असेल तेव्हा, किंवा मुलाऐवजी केवळ त्याच्या गप्प बसण्याकडे आपली दृष्टी असेल तेव्हा. ह्या पद्धतीत स्तुतीचे कारण सांगावे लागते. आणि कारण सांगायचे तर आधी मुलाकडे नीट पाहावे लागते.

दुसऱ्या टप्प्यात शिस्त येते. आज्ञा एका वेळी एकच, स्पष्ट, सौम्य आणि मुलास झेपेल अशी. पाळली तर कौतुक. न पाळली तर एकवार पूर्वसूचना, मग सुमारे तीन मिनिटे खुर्चीवर बसणे, आणि त्यानंतर मूळची आज्ञा पुनः. मारणे नाही, अपमान नाही. काहींस ही शिक्षाही कठोर वाटते. रागाच्या भरात वा भीती घालण्यासाठी ती वापरली, तर तो आक्षेप खराच ठरेल. चाणक्याच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या सुभाषितात पाच वर्षे लालन, पुढे दहा वर्षे ताडन व सोळाव्या वर्षी मित्रभाव असा क्रम आहे. आपण त्यातले ताडन तेवढे लक्षात ठेवले, आणि तेही पहिल्या पाच वर्षांतच वापरू लागलो! वस्तुतः पुढील वयातही त्याचे समर्थन आज करता येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळांतून शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. घराने शाळेहून मागे का राहावे?

अर्थात प्रत्येक अवज्ञा ही हट्टापोटीच असते असे नाही. ज्यास कमी ऐकू येते, ज्यास बोलणे उशिरा येते, जे स्वमग्न आहे किंवा भ्यालेले आहे, ते मूलही ‘ऐकत नाही’. त्यास शिस्तीआधी तपासणी हवी. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत बाल व किशोर मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. जवळच्या मोठ्या रुग्णालयातही विचारपूस करता येते. त्यात लाज मानण्याचे काही कारण नाही.

शिवाय हा नेम एकट्या आईवर टाकून भागत नाही. आईने नाकारलेला खाऊ आजीने पदराआडून दिला, किंवा बापाने दिवसभराचा राग एका चापटीत काढला, तर पाच मिनिटांचे सारे श्रम वाया जातात. उपचारकांचा कानातील आवाज काही महिन्यांनी थांबतो. त्यानंतर घरातील माणसांनीच एकमेकांस आठवण द्यायची असते.