पाणी कुठवर येणार?

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पाला लागूनच भगूर. १८९९च्या प्लेगमध्ये तिथे विनायक दामोदर सावरकरांचे वडील दामोदरपंत दगावले. त्या काळात साथीबद्दल सरकारकडून लोकांपर्यंत पोचायचा तो मुख्यतः हुकूम. ४ फेब्रुवारी १८९७चा साथरोग कायदा मुळात मोजक्या चार कलमांचा. त्यात जाहीर सूचनेचा उल्लेख आहे, पण ती लोकांनी पाळायच्या नियमांची. साथ कुठवर आली, घर का तपासायचं, माणसाला नेणार कुठे, हे सांगण्याचं बंधन सरकारवर कुठेच नाही. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारभारात गोरे सोजीर घराघरांत शिरले, तेव्हा लोकांनी आजारी माणसं लपवायला सुरुवात केली. साथ आणखी पसरली ती या लपवालपवीनेही. माझ्या मते आपल्याकडच्या सरकारी सूचनांचा इतिहास समजून घ्यायचा तर या भीतीपासूनच सुरुवात करावी लागते.

दवंडीच्या जागी पुढे आकाशवाणी आली, मग दूरदर्शन. साधनं बदलली, पण सरकारने सांगायचं आणि लोकांनी ऐकायचं ही रीत तशीच राहिली. विचार खऱ्या अर्थाने हलला तो ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आणि २६ जुलै २००५च्या मुंबईतल्या पुरानंतर. त्याच वर्षीच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने पूर्वसूचना देणं आणि लोकांपर्यंत योग्य माहिती पोचवणं हे जिल्हा प्राधिकरणाचं कामच ठरवलं. १८९७मध्ये लोकांचं कर्तव्य लिहिलं होतं, २००५मध्ये सरकारचं लिहिलं गेलं. हा फार मोठा पल्ला आहे, आणि त्याची पुरेशी चर्चा होत नाही याचं मला वाईट वाटतं.

मार्च २०२०मध्ये मात्र महाराष्ट्राने करोनासाठी आधी हाती घेतला तो १८९७चाच कायदा. मुख्यमंत्री फेसबुक लाइव्हवर घरातल्या माणसासारखे बोलत होते. त्या सुराने धीर मिळाला, हे मान्यच करायला हवं. पण दुसऱ्या लाटेत माणसं विचारत होती ते एवढंच, की बेड कुठे आहे, ऑक्सिजन कुठे मिळेल. याची उत्तरं बऱ्याचदा ओळखीपाळखीतून आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवरून मिळत होती.

पुराचंही तेच. पावसाळ्यात आमच्याकडे नाशिक जिल्ह्यात दारणा धरणातून पाणी सोडलं की मेसेज फिरतो, विसर्ग अमुक हजार क्युसेक, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. हा आकडा अभियंत्याला पुरतो. नदीकाठी मळा आणि गोठा असलेल्या शेतकऱ्याला हवं असतं ते वेगळंच. पाणी मोटारीपर्यंत येईल का, आणि किती वाजता? जनावरं आता सोडायची की पहाटे?

नाशिकला गोदाकाठी हे लोकांनीच सोडवून ठेवलंय. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी. काठावरच्या नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. २००८ आणि २०१९च्या पुरात शहराने पूर मोजला तो याच मापाने. हे माप कोणी पढवलेलं नाही, आणि ते खरं की खोटं हे जो तो पुलावर उभा राहून पडताळू शकतो. म्हणून त्यावर विश्वास बसतो. सरकारी सूचनेवर तसा विश्वास बसावा असं वाटत असेल, तर तीही पडताळता यायला हवी.

२०२३मध्ये मोबाइल अचानक कर्कश वाजले आणि पडद्यावर इशाऱ्याची चाचणी आली. तंत्र उत्तम आहे, ते हवंच. पण त्या पडद्यावर पुन्हा क्युसेकच येणार असतील तर फक्त आवाज वाढला. दारणेवरच्या पुलांच्या खांबांवर रंगाने पट्टे मारावेत, कोणत्या विसर्गाला पाणी कोणत्या पट्ट्याला लागतं ते गावाला आधी दाखवावं, आणि इशाऱ्यात पट्टा व वेळ लिहावी. खाली एक फोन नंबर असावा, उलट विचारता यावं म्हणून, आणि रात्री दोन वाजताही तो कोणीतरी उचलावा.