भयाचा सहवास

चार वाचक एकत्र जमले आणि एकमेकांस ‘सध्या काय वाचता आहात?’ असे विचारू लागले, तर त्यांतील निदान एकाच्या उत्तरात एखादे प्रेत, एखादा ओसाड वाडा किंवा अद्याप न सापडलेला एखादा खुनी असतोच. आणि हे उत्तर देणारा मनुष्य बहुधा असा असतो की, ज्याने आयुष्यात कोणावर हात उगारलेला नाही आणि ज्याच्या घरी तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला की मुलांच्या तोंडून रामरक्षा आणि भीमरूपी म्हटली जाते. एक जण नारायण धारपांची ‘लुचाई’ पुन्हा हाती घेतल्याचे सांगतो, दुसरा रत्नाकर मतकरींच्या ‘खेकडा’चे नाव काढतो, वयाने वडील असलेला तिसरा बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्या आठवणीने सुखावतो, आणि इतका वेळ केवळ ऐकत बसलेला चौथा हळूच विचारतो, की तुमचे वाचून झाले म्हणजे ते पुस्तक मला द्याल काय? जे वाचताना प्रत्येकाच्या अंगावर काटा आला त्याची ही देवघेव इतक्या प्रसन्न चेहऱ्याने चालते, की पाहणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उभा राहावा: निर्भयतेची प्रार्थना करणाऱ्याला भयात, आणि सज्जनाला दुर्जनाच्या कृत्यांत इतका रस का वाटावा, आणि तसा तो वाटणे धर्माला धरून आहे काय?

या प्रश्नाचा निकाल दोन प्रकारांनी झटपट लावण्यात येतो. रहस्यकथा व भयकथा यांना वाङ्मयात पंक्तीला बसू न देणारे टीकाकार हे सारे रिकामपणाचे वाचन ठरवून प्रकरण दफ्तरदाखल करतात. परंतु एका अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहाव्यात आणि वाचनालयांतून लोकांनी त्या हातोहात न्याव्यात, ही गोष्ट मनुष्यस्वभावाचा विचार करणाऱ्याने हसण्यावारी नेण्यासारखी खचित नाही. दुसरा निकाल अधिक भारदस्त आहे. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेविषयी सांगितलेले करुणा व भीती यांचे विरेचन येथेही लागू करावे, आणि मनात साचलेले भय कथेच्या द्वारे बाहेर पडते असे म्हणून स्वस्थ बसावे, असे पुष्कळांना वाटते. मला ते पुरेसे वाटत नाही. ज्याचे विरेचन झाले तो त्याच औषधाची पुन्हा मागणी करीत नाही. भयकथेचा वाचक मात्र शेवटचे पान मिटताच पुढच्या पुस्तकाची चौकशी करतो, आणि ती दुसऱ्याला बरोबर घेऊन करतो. मनातून काढून टाकावयाच्या मळाची कोणी अशी आपुलकीने वाटणी करीत नाही.

आपल्याकडील विचार याहून खोल गेलेला आहे. भरतमुनींनी आठ रसांत भयानकाची गणना केली, त्याला कृष्णवर्ण दिला, आणि प्रत्यक्ष काल ही त्याची देवता सांगितली. म्हणजे भय ही लपवून ठेवण्याची दुर्बलता न मानता तिला रंगमंचावर आसन देऊन तिच्यावर दैवताची स्थापना केली. पुढे काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी रसास्वादाचा उलगडा करताना उदाहरण घेतले ते याच रसाचे, कालिदासाच्या ‘शाकुंतला’तील त्या हरिणाचे, जे दुष्यंताच्या रथापुढे धावताना मान वळवून मागे पाहते आणि ज्याच्या धापा टाकणाऱ्या तोंडातून अर्धवट चघळलेले दर्भ वाटेवर गळत जातात. अभिनवगुप्त म्हणतात की, या प्रसंगाचा सहृदयाला जो प्रत्यय येतो, त्यात ‘मी भ्यालो आहे’ असे नसते, ‘हा अमुक शत्रू, मित्र वा तिऱ्हाईत भ्यालेला आहे’ असेही नसते. देश आणि काल यांच्या मर्यादा गळून पडून केवळ भय तेवढे हृदयात शिरल्यासारखे, डोळ्यांपुढे फिरल्यासारखे प्रतीत होते. व्यवहारातले भय मनुष्याला आकसून टाकते, कारण त्यात त्याला स्वतःच्या जिवावाचून दुसरे काही दिसत नाही. तेच भय जेव्हा कोणा एकाचे उरत नाही तेव्हा ते पाहता येते, आणि जे पाहता येते त्याच्यापुढे मनुष्य स्थिर उभा राहू शकतो. मध्यरात्री कंदिलाच्या उजेडात धारपांचे पुस्तक वाचणारा, दाराची कडी लावली आहे की नाही हे दोनदा पाहणारा आणि तरीही पान उलटणारा मनुष्य या अनुभूतीच्या उंबरठ्यावर असतो, असे मी मानतो. तो कधी कडीकडे वळतो, कधी पानाकडे, आणि त्याचा सारा आनंद या येरझारीत असतो.

मुद्दाम भयाच्या वाटेला जाण्याची ही प्रवृत्ती केवळ मनोरंजनाची आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी मज्झिमनिकायातील चौथे सुत्त, भयभेरवसुत्त, अवश्य वाचावे. जानुस्सोणी नावाच्या ब्राह्मणाला भगवान बुद्ध तेथे आपल्या बोधिपूर्व काळाची हकीकत सांगतात. चतुर्दशी, पंचदशी आणि अष्टमी अशा, लोक ज्यांना भितात त्याच रात्री निवडून ते अंगावर शहारे आणणाऱ्या वनांतील चैत्यांत आणि वृक्षांखाली जाऊन राहिले, ते केवळ भय कसे येते हे पाहण्यासाठी. एखादे जनावर जवळून जाई, मोराच्या धक्क्याने काटकी खाली पडे, वाऱ्याने पाचोळा सळसळे, आणि मनात येई की आले ते भय हेच. तेव्हा त्यांनी स्वतःला विचारले, की मी हा नुसता भयाची वाट पाहात का बसलो आहे? आणि निश्चय केला की ज्या स्थितीत भय येईल त्याच स्थितीत त्याला जिंकावयाचे: चालत असताना आले तर ते शमेपर्यंत उभे राहावयाचे नाही की बसावयाचे नाही, बसलो असताना आले तर उठावयाचे नाही. या वृत्तान्तात मला सर्वांत विलक्षण वाटते ती ती काटकी. वाघ नाही, पिशाच नाही. मोराने पाडलेली एक काटकी! भयाचे पुष्कळसे द्रव्य आपले आपणच पुरवीत असतो, हे ज्याने इतक्या साध्या तपशिलाने दाखविले, त्याला उत्तम भयकथाकाराचेही मर्म कळले होते असे म्हणण्यास हरकत नाही. मतकरींच्या गूढकथा ज्यांनी मनापासून वाचल्या असतील त्यांना ठाऊक आहे की, तेथेही बाहेरच्या भुतापेक्षा माणसाच्या लोभाची, मत्सराची आणि एकटेपणाची चाहूलच अधिक भिववते.

कोकणाने तर या तत्त्वज्ञानाला देऊळ बांधून दिले आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीस वेतोबाचे स्थान आहे. वेताळ हा भूतगणांचा अधिपती; ‘वेताळ पंचविशी’च्या रूपाने मराठी मुद्रणाच्या आरंभीच्या काळातच सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी ज्याला मराठी वाचकांपुढे आणले, तो हाच, प्रेतात शिरून राजाला धर्मसंकटाचे प्रश्न विचारणारा. आरवलीत तो ग्रामरक्षक आहे. रात्री तो गावाच्या सीमेवरून फेरी मारतो आणि त्यामुळे त्याच्या वहाणा झिजतात, अशी तेथील लोकांची श्रद्धा असून, भाविक त्याला केळ्यांच्या घडांबरोबर चामड्याच्या मोठाल्या वहाणा अर्पण करतात. ज्याच्या नुसत्या नावाने परगावच्या पोराची दातखीळ बसावी, त्याच्या झिजलेल्या वहाणांची या गावाला काळजी! भयाला हाकलून न देता त्याला सीमेवरच्या पहाऱ्याचे काम देणे, ही युक्ती ज्या समाजाला सुचली त्याची धर्मबुद्धी मला फार श्रेष्ठ प्रतीची वाटते. आणि तुकोबांनी एका अभंगात प्रत्यक्ष पंढरीच्या विठ्ठलालाच झपाटणारे भूत म्हटले आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.

परंतु याच ठिकाणी मनाला एक गोष्ट बोचते, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. भय जेव्हा कथेत न राहता गावात उतरते तेव्हा ते नेहमीच राखणदार होत नाही. एखादी निराधार विधवा, एखादी वृद्धा डाकीण ठरविली जाते, आणि मग तिला मारहाण करणारे हात भ्यालेल्या माणसांचेच असतात. या अघोरी प्रकारांना कायद्याने आळा बसावा म्हणून वर्षानुवर्षे झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, आणि त्यानंतर प्रथम वटहुकूम व पुढे त्याच वर्षी अधिनियम झाला. तेव्हा सर्व अरिष्टाचे खापर एखाद्या चेटकिणीवर फोडून मोकळी होणारी भयकथा आणि ही दुष्ट समजूत यांचे नाते अगदीच दूरचे आहे, असे मला म्हणवत नाही. वाचकाला ‘अनिष्ट ते सारे त्या दुसऱ्यात आहे’ असे शिकविणारी कथा कितीही कौशल्याने लिहिलेली असो, ती भयानक रसाची नव्हे. अभिनवगुप्तांनी जो शत्रू-मित्रभेद गळून पडतो म्हणून सांगितले, तोच ती पुन्हा उभा करते.

हा ‘दुसरा’ फार प्राचीन आहे. बृहदारण्यकोपनिषदात सृष्टीच्या आरंभी एकटाच असलेला आत्मा भ्याला, म्हणूनच एकटा मनुष्य आजही भितो, असे सांगितले आहे. आणि मग त्याने विचार केला की माझ्यावाचून अन्य काही नाहीच, तर मी कोणाला भितो? त्या विचारासरशी त्याचे भय गेले, कारण भय नेहमी दुसऱ्यापासून उत्पन्न होते. ज्ञान्याचा मार्ग हा. सामान्य मनुष्य मात्र अंधाऱ्या वाटेवर दुसऱ्याचा हात धरतो. त्याचे भय दुसऱ्याच्या नसण्याने वाढते आणि असण्याने उणे होते. हे दोन मार्ग परस्परविरुद्ध दिसतात खरे, पण आपण काय वाचतो आहोत हे एकमेकांना सांगणाऱ्या त्या चार वाचकांकडे पाहिले म्हणजे ते कोठेतरी एकत्र येत असावेत असे वाटू लागते. एखाद्या भयकथेतले जिन्यावरच्या पावलांचे प्रकरण वाचताना मी ज्या शब्दापाशी थांबलो, नेमक्या त्याच शब्दापाशी तुम्हीही थांबला होता असे कळते, तेव्हा तुम्ही माझ्यापुरते किंचित कमी ‘दुसरे’ झालेले असता.

गुन्हेगारीच्या कथेचा प्रश्न निराळा आहे, आणि धर्मदृष्ट्या अधिक कठीण. आपल्या परंपरेत पापपुण्याचा हिशेब चित्रगुप्ताकडे सोपविलेला आहे. त्याच्या दफ्तरात खाडाखोड होत नाही, तेथे साक्षीदार फितत नाहीत, आणि मुदत टळल्याची हरकत कोणाला घेता येत नाही. ज्याची कर्मविपाकावर निष्ठा आहे त्याला मग गुप्तहेराची गरज का भासावी? माझे उत्तर असे की, चित्रगुप्ताचा निवाडा ज्या जन्मी लागेल त्या जन्मी मारल्या गेलेल्या मुलाची आई दाद मागावयास उभी नसते. तिला कैफियत याच जन्मी ऐकवावयाची असते. इंग्लंडात रहस्यकथेचे दहा नियम १९२९ मध्ये ज्याने घालून दिले तो रोनाल्ड नॉक्स कॅथलिक धर्मगुरू होता, आणि अलौकिक शक्तींच्या साहाय्याने कोडे सोडवू नये हा त्याच नियमांतला एक. ईश्वराच्या सेवकानेच ईश्वरी हस्तक्षेपाला कथेत मज्जाव करावा, यात श्रद्धेची उणीव मला दिसत नाही. माणसाने माणसावर केलेल्या अन्यायाचा छडा माणसानेच लावावा, या कर्तव्याची जाणीव दिसते.

चेस्टरटनचा फादर ब्राऊन हाही धर्मगुरूच, आणि १९२७ सालच्या पुस्तकात तो आपल्या तपासाचे जे रहस्य सांगतो ते कोणत्याही प्रवचनात शोभावे: प्रत्येक खून आपण स्वतः केला आहे असे तो अंतःकरणाने इतके जाणून घेतो, की करावयाची राहिलेली असते ती केवळ शेवटची कृती. तुकोबांनी स्वतःच्या दोषांची जी कठोर झडती घेतली, तिच्या जातीचे हे ज्ञान आहे. ज्या कथेत वाचकाला खुनी सापडतो पण स्वतःचा माग लागत नाही, ती कथा चतुर असेल. तिच्यात धर्म नाही. याहून मोठा दोष मात्र दुसरा आहे. कित्येक रहस्यकथांत मृत मनुष्य पंचनाम्यापुरता येतो आणि नंतर मुद्देमाल होऊन राहतो. त्याला काय आवडत असे, त्याची वाट कोण पाहात होते, हे विचारण्याची फुरसत ना फौजदाराला असते, ना लेखकाला. असे पुस्तक मिटताना मला वाचनाची शरम वाटते, आणि ती वाटावी असेच माझे मत आहे.

या दोषापासून पूर्णपणे मुक्त असलेली गुन्ह्याची कथा आपल्याकडे शूद्रकाने फार पूर्वी लिहून ठेवली आहे. ‘मृच्छकटिका’त शकार वसंतसेनेचा गळा दाबतो, ती मेली असे समजून खुनाची फिर्याद चारुदत्तावर लावतो, आणि भर न्यायसभेत विदूषकाच्या काखेतून तिचे अलंकार गळून पडतात; पुरावा बिनतोड, हुकूम देहान्ताचा, आणि खरे काय ते न्यायाधीशांना ठाऊक नाही. निर्दोष मनुष्य खांद्यावर सूळ घेऊन वधस्थानाकडे चालला असता, एका बौद्ध भिक्षूच्या शुश्रूषेने वाचलेली वसंतसेना तेथे येऊन पोहोचते. राज्य पालटते, शकाराला बांधून आणतात, जमाव त्याच्या रक्तासाठी ओरडत असतो, आणि तो चारुदत्ताच्याच पायांवर लोळण घेतो. चारुदत्त त्याला अभय देतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना होते तेव्हा अभयाचे नाव अगदी पहिले येते, आणि ते स्वतःला लाभावे एवढ्यावर न थांबता अपराध्यालाही देता यावे, हे या नाटकाच्या अखेरच्या अंकाइतके स्पष्टपणे मी कोठे पाहिलेले नाही. पण वसंतसेना जिवंत परतली होती म्हणून चारुदत्ताला हे अभय देता आले. ती न परतती, तर ते देण्याचा अधिकार त्याला असता काय? जो मेला त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अखत्यार कोणाच्या हाती असतो: त्याच्या आप्तांच्या, न्यायाधीशाच्या, राजाच्या, की कोणाच्याच नाही? अर्नाळकर वाचणाऱ्याने मतकरी वाचणाऱ्याला, आणि धारप वाचणाऱ्याने त्या दोघांना, पुस्तकाची अदलाबदल करताना हे जरूर विचारावे.