कुत्र्यासाठी रडावे का?

या पत्रकात सहसा दिवंगतांची नावे, स्मरणार्थ मिस्सा आणि सणांच्या सूचना असतात. तिथे एका कुत्र्याविषयी लिहायचे म्हणजे काहींच्या भुवया उंचावतील. तरी लिहीत आहोत. आमचा मोत्या गेला तेव्हा घरी आलेल्या एका वडीलधाऱ्या नातलगांनी जो प्रश्न विचारला, तो आणखीही पुष्कळ घरांत विचारला जात असेल: "माणसासाठी रडावे हो, कुत्र्यासाठी काय रडता?"

प्रश्न कठोर वाटला तरी पोकळ नाही. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर केलेल्या कॅटेकिझममध्ये प्राण्यांविषयी थोडे परिच्छेद आहेत (२४१५ ते २४१८). प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांच्याशी ममतेने वागणे हे आपले देणे आहे, त्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, असे तिथे सांगितले आहे. पण लगेच दुसरी बाजूही आहे. जो पैसा आधी माणसाचे दुःख हलके करण्यासाठी जायला हवा, तो प्राण्यांवर खर्च करू नये आणि जे प्रेम केवळ माणसाच्या हक्काचे आहे, ते प्राण्याला देऊ नये. आम्हाला ही शिकवण पटते. कुत्र्याच्या वाढदिवसाला केक कापायचा आणि घरकाम करणाऱ्या बाईने आगाऊ पैसे मागितले की कपाळाला आठ्या घालायच्या, हे बरोबर कसे म्हणावे?

मोत्याची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा हाच विचार आमच्यासमोर आला. तीन दिवस सलाईन लावले. मुंबईला नेऊन आणखी उपचार करता येतील, पण खर्च मोठा आहे आणि खात्री नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. आम्ही नेले नाही. त्या निर्णयाची टोचणी नाही. वाईट मात्र वाटते, आणि ते वाटू नये असे कॅटेकिझम कुठेही म्हणत नाही. पैशाचा हिशेब करावा लागतो, कारण तो एका ठिकाणी गेला की दुसरीकडे कमी पडतो. रडण्याचे तसे नाही.

आणि मोत्यासाठी रडताना आम्हाला आईही आठवत होती, हे सांगितले पाहिजे.

मोत्या काही जातिवंत कुत्रा नव्हता. बाजारात भाजीच्या हातगाडीखाली सापडलेले गावठी पिल्लू ते. वाळत घातलेले बोंबील त्याने कितीदा पळवले याची गणती नाही. पाववाल्यावर रोज भुंकायचा आणि संध्याकाळी रोजरी सुरू झाली की नेमका ओट्यावर उभा राहून गळा काढायचा. त्याला संतपद द्यावे असे आमचे म्हणणे नाही. पण आईला पक्षाघात झाला आणि ती दोन वर्षे अंथरुणाला खिळली, तेव्हा आम्ही जे पाहिले ते विसरता येत नाही. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असे. पुढे रविवारी मिस्सेनंतर कुणी कुणी डोकावत. वर्ष उलटल्यावर पहिल्या शुक्रवारी पवित्र कम्युनियन घेऊन येणारे फादर, दोन शेजारणी आणि खाटेखाली मोत्या, एवढेच उरले. माणसे निर्दय नव्हती. "जाऊन बोलायचे काय?" हीच त्यांची अडचण होती. आईला बोलता येत नव्हते, आणि आपण गप्प बसलो की आपल्याला अवघडल्यासारखे होते. मोत्याला ती अडचणच नव्हती. तो नुसता तिथे असायचा. आईचा चालता हात खाटेवरून खाली लोंबायचा, तो त्याच्या पाठीवर.

ईयोबाच्या पुस्तकातील तीन मित्र आठवतात. ते आले आणि सात दिवस, सात रात्री एक शब्दही न बोलता त्याच्यापाशी जमिनीवर बसले. त्यांचे बिघडले ते पुढे, बोलायला लागल्यावर.

यावर कुणी म्हणेल, कुत्रा हे जाणूनबुजून थोडेच करतो? खरे आहे. त्याने काही निवडले नाही, म्हणून त्यात त्याचे पुण्यही नाही. संत थॉमस अक्वायनस यांनाही ते मान्य झाले नसते. पण नीतिसूत्रांचे पुस्तक आळशाला मुंगीकडे पाठवते, तेव्हा मुंगी पुण्यवान आहे असे त्याला म्हणायचे नसते. पाहून शिकायचे ते माणसाने.

पवित्र शास्त्रात कुत्र्याला फारसा मान नाही. तो बहुधा गावाबाहेर भटकणारा, उष्टे खाणारा. लूकच्या शुभवर्तमानात लाजरसाचे फोड चाटतात तेही कुत्रेच. मात्र तोबितच्या पुस्तकात एक वेगळा कुत्रा आहे. तरुण तोबिया देवदूत राफाएलबरोबर निघतो तेव्हा कुत्रा मागोमाग निघतो, आणि परत येताना पुन्हा मागे दिसतो. मधल्या साऱ्या गोष्टीत त्याला काहीच काम नाही. मासा तोबिया पकडतो, औषध राफाएल सांगतो. तरी लिहिणाऱ्याने त्याला वगळले नाही, याचे आम्हाला बरे वाटते.

आमच्या घरातील नातू यंदा पहिल्या कम्युनियनची तयारी करतो आहे. त्याने विचारले, "मोत्या स्वर्गात गेला का?" मोबाईलवर फिरणारी एक गोष्ट आम्हालाही आली होती, की पोप फ्रान्सिस यांनी कुत्रा गमावलेल्या एका मुलाला 'हो' म्हणून सांगितले. ती खरी नाही. २०१४ च्या डिसेंबरात ती वर्तमानपत्रांत छापून आली आणि मग दुरुस्त्याही आल्या. तेव्हा ती त्याला सांगितली नाही. संत पौल रोमकरांस लिहितात की सारी सृष्टी सुटकेची वाट पाहत कण्हते आहे. 'लाउदातो सी' या २०१५ च्या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी शेवटी प्रत्येक प्राणिमात्राचे रूप उजळेल अशी आशा धरली आहे. याहून पुढे ख्रिस्तसभेने काही ठरवून दिलेले नाही. आम्ही त्याला म्हटले, "बाळा, ठाऊक नाही. ज्याने त्याला घडवले, त्यालाच विचार." त्याने वाडीत केळीखालच्या मातीवर हात ठेवला आणि विचारले.