वर्गणीचे दोन हिस्से

गावाला वाचनालय हवं असेल तर गावाने वर्गणी काढावी, सरकारने वाळवीला अनुदान का द्यावं, असा सवाल परवा एका परिसंवादात एका विद्वानांनी केला आणि टाळ्या घेतल्या. टाळ्या देणाऱ्यांत घरी भिंतभर पुस्तकं असलेली मंडळी जास्त होती.

अनुदान किती, हे मात्र कुणी विचारलं नाही. सगळ्यात खालच्या ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३० हजार रुपये मिळत. २०२२-२३ मध्ये ६० टक्के वाढ झाली, ते ४८ हजार झाले. त्यातले निम्मे पगारावर, म्हणजे ग्रंथपालाच्या पदरात महिन्याला दोन हजार. उरलेल्यात पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि जमलं तर कपाटाचं कुलूप. एवढ्यावर लोक लाडावतात म्हणे! २०१२च्या ग्रंथालय-पडताळणीनंतर तर नव्यांची मान्यता आणि जुन्यांची दर्जावाढ वर्षानुवर्षं अडकून पडली.

करोनात काय झालं ते आठवा. ग्रंथालयं उघडा म्हणून वाचक, लेखक, ग्रंथपाल ओरडत होते. राज्यात बार उघडले ५ ऑक्टोबर २०२० ला, ग्रंथालयं १५ ला. तो दिवस नेमका वाचन प्रेरणा दिनाचा निघाला. सरकारलाही विनोदाचं अंग असतं.

पण गावात वाचनालयासाठी बोलतं कोण? दौंड तालुक्यातलं कासुर्डी घ्या. पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्यांना हे नाव बरीच वर्षं टोलनाक्यामुळे पाठ होतं. अशा गावाच्या ग्रामसभेत पाणी, रस्ता, दिवाबत्ती झाल्यावर वाचनालयाचा विषय निघतो आणि ‘बघू’वर मिटतो. तो काढतात निवृत्त गुरुजी आणि स्पर्धा परीक्षेची पोरं. पोरांना कादंबऱ्या नकोत. त्यांना टेबल, पंखा, शांतता हवी, पुस्तकं ती स्वतःची आणतात. विद्वान म्हणतील, मग हे वाचन कसलं? पारावर मुलगी तासभर पुस्तक उघडून बसली तर चार जण चौकशा करतात; अभ्यासिकेत तिला कुणी हटकत नाही. मला एवढं कारण पुरतं.

आता बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. त्यांच्यावर जरा रेंगाळणार आहे, कारण वर्गणीवाल्यांनी त्यांना अर्धवट वाचलं असावं. बडोद्यात १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं. शिकलेलं मूल शाळा सुटल्यावर अक्षरं विसरतं, हा हिशेब महाराजांनी पुढे नेला. १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना बोलावून त्यांनी राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. जिथे इमारत नव्हती तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गेल्या. आणि पैसे? गावाने आपला हिस्सा जमवायचा, मग तितकेच पंचायतीने आणि तितकेच दरबाराने घालायचे. म्हणजे विद्वान एक तृतीयांश बरोबर आहेत! मी हे नाइलाजाने लिहितो आहे. सुरुवातीला मला वर्गणीची कल्पनाच गरिबाच्या खिशात हात घालणारी वाटत होती. पण ज्याने हिस्सा भरला, तो वाचनालय बंद दिसलं की जाब विचारतो. अनुदानावर नुसतं जगवलेल्या वाचनालयासाठी नागरिक निवेदन देतो, फोटो काढतो, घरी जातो.

महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७चा, १ मे १९६८ पासून लागू. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी आयुष्यभर ग्रंथालयासाठी कायद्याने बांधलेल्या कराचा आग्रह धरला. आपण कायदा घेतला, कर वगळला. हेच राज्य १९७५ पासून रोजगार हमीसाठी व्यवसाय कर घेतं. म्हणजे विशिष्ट कामासाठी कर लावता येतो हे मुंबईला ठाऊक आहे. मद्रासने १९४८ मध्येच ग्रंथालयासाठी घरपट्टीवर अधिभार लावला, कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर उपकर आहे, आणि गोव्याने तो दारूवर बसवला. पिणाऱ्याने वाचणाऱ्याचा खर्च उचलावा, हा न्याय मला मनापासून पटतो.

कर लावला की सगळं सुरळीत होतं असंही नाही. बंगळुरूच्या महापालिकेने ग्रंथालयाचा उपकर लोकांकडून घेतला आणि कोट्यवधी रुपये ग्रंथालय खात्याला द्यायचे थकवले. पण तिथे थकबाकी म्हणून तगादा लावता येतो; इथे वाढीव अनुदानासाठी दरवर्षी आर्जवं करावी लागतात.

तेव्हा विद्वानांनी वर्गणीचा आग्रह खुशाल धरावा. कासुर्डीच्या ग्रामसभेत येऊन धरावा. फक्त गावाचा हिस्सा मागताना सयाजीरावांचे उरलेले दोन हिस्से कोण भरणार, तेही त्याच दमात सांगावं.